खजूर खा, पण साखरेच्या जागी

वाशीम जिल्ह्यात कुणाच्या घरी बाळंतपण असलं की पहिली यादी डॉक्टरची नसते, आजीची असते. त्या यादीत खारीक वरच्या चार नावांत हमखास सापडते. पोरगी फिकट दिसते, तिला खजूर द्या. बाळ वजन धरत नाही, खारीक उगाळा. निंदणाहून आलेल्या बाईला घेरी आली, दोन खजूर खाऊ घाला. यातला शेवटचा सल्ला खरोखर कामाचा आहे. पहिला मात्र तपासून घ्यायला हवा, कारण त्याच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या कपाटात पडून राहतात.

आधी आकडे बघू. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नतक्त्यांप्रमाणे बी काढलेल्या 100 ग्रॅम खजुरात साधारण 280 कॅलरी, 63 ते 66 ग्रॅम साखर, 7 ते 8 ग्रॅम चोथा आणि 650 ते 700 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. लोह असतं 1 मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्याकडच्या काही तक्त्यांत खारकेतलं लोह याहून बरंच जास्त दाखवलेलं आहे. तो आकडा खरा धरला, तरी दिवसाला तीन खारका खाणाऱ्या बाईच्या पोटात त्यातून दीड-दोन मिलिग्रॅमच्या वर लोह जात नाही. आणि गरोदर बाईची गरज किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार रोज 27 मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. तो खजुराच्या डब्याने हटणारा नाही. गोळी घ्यायची, जेवणात पालेभाजी, तीळ, अळीव, डाळी ठेवायच्या, त्यावर लिंबू पिळायचं आणि जेवणाला लागून चहा टाळायचा. खजूर त्याच्या सोबतीला हवा तर असू द्या.

मग खजूर खायचा कशाला? तर तो उत्तम गोड जिन्नस आहे म्हणून. साखरेत नुसती साखर असते, खजुरात तिच्याबरोबर चोथा, पोटॅशियम आणि थोडं मॅग्नेशियमही येतं. पोट साफ राहायला मदत होते आणि अंगात तरतरी लवकर येते. पण ही सगळी बढाई एका अटीवर टिकते: खजूर साखरेच्या जागी आला पाहिजे. दुधात तीन खारका वाटून वर दोन चमचे साखर घातली, तर दूध पौष्टिक झालं नाही, नुसतं जास्त गोड झालं. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका अटीभोवतीच फिरतं.

सुरुवात खारकेपासून करू, कारण आपल्या घरात ती खजुराच्या आधीपासून आहे. खारीक म्हणजे वाळलेला खजूर असं आपण समजतो, पण झाडावर पूर्ण पिकून वाळलेलं फळ ते नव्हेच. सिंधमधल्या खैरपूर, सक्कर या भागात खजूर पिकायच्या वेळेलाच पाऊस गाठतो आणि पिकलेलं फळ कुजतं. म्हणून तिथे फळ टणक, पिवळं किंवा लाल असतानाच घड उतरवतात, पाण्यात उकळतात आणि उन्हात कडक वाळवतात. वर्षानुवर्षं आपल्या किराणा दुकानातली बरीचशी खारीक तिथूनच यायची. 2019 च्या फेब्रुवारीत पुलवामाच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयात शुल्क बसलं आणि खारकेचे भाव चढले. 2025 च्या मे महिन्यात तिथली आयात पूर्णपणे बंद झाली. म्हणून आता दुकानात गेलात की आईच्या वेळचा भाव आणि आईच्या वेळचा माल दोन्ही डोक्यातून काढून टाका, आणि समोर जे आहे ते पारखून घ्या.

पारखायचं कसं? पाव किलो बांधायला सांगण्याआधी दुकानदाराकडून एक खारीक मागून घ्या आणि तिथेच अडकित्त्याने फोडा. आत भुसा पडत असेल, जाळी असेल किंवा बियाभोवती काळी पूड असेल तर माल जुना आहे, पुढच्या दुकानात जा. बाहेरून सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली तरी तेच. चांगल्या खारकेचा गर जाड असतो, रंग आतपर्यंत सारखा असतो आणि चावल्यावर पिठूळ न लागता गोड लागते. पूजेची खारीक म्हणून जी वेगळी, स्वस्त मिळते ती खाण्यासाठी घेऊ नका. ती बहुधा बारकी आणि हडकुळी असते, बीच जास्त.

इथे ओटीतल्या खारकेबद्दल सांगायलाच हवं. लग्नसराईत घरोघरी ओट्या भरल्या जातात, आणि हळकुंड-सुपारीबरोबर त्या खारका एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत, एका घरातून दुसऱ्या घरात वर्षभर फिरत राहतात. त्या खाल्ल्या जात नाहीत आणि टाकवतही नाहीत. ओटीत आलेली खारीक त्याच आठवड्यात फोडून बघा. चांगली असेल तर धुऊन भिजत घाला, किडलेली असेल तर झाडाच्या बुडाशी टाका. दाण्याच्या डब्याशेजारी ती पिशवी ठेवली, तर खारकेतली अळी तुमच्या शेंगदाण्यांतही जाते.

खारकेची पूड घरी करायची तर मुहूर्त पाहिजे. पावसाळ्यात खारीक दमट होते, मिक्सरच्या पात्याला चिकटते आणि भांडं तापून बसतं. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा किंवा मे महिन्यातलं ऊन, हे दोनच काळ खरे. वाशीमच्या मे महिन्याचं कौतुक करावं अशी ही एवढीच गोष्ट असेल. ओल्या फडक्याने खारका पुसून घ्या, फोडून बी काढा, बारीक तुकडे करा आणि दोन-तीन दिवस कडकडीत ऊन द्या. मग मंद आचेवर कढईत कोरडेच थोडे गरम करून पूर्ण गार होऊ द्या. मिक्सरमध्ये एका वेळी मूठभरच घाला आणि थांबत थांबत फिरवा. पूड चाळा, वर राहिलेला जाडसर भाग खिरीला ठेवा. गिरणीवर दळून आणणार असाल तर आधी तिथे काय दळलं होतं ते विचारा, नाहीतर लाडवांना मिरचीचा ठसका लागतो. पूड हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवली की पावसाळाभर सुटी राहते.

डिंकाच्या लाडवांत गूळ घालताना हात आवरा. अर्धा किलो खारकेची पूड, अर्धा किलो भाजलेला खोबऱ्याचा कीस, शंभर-सव्वाशे ग्रॅम तुपात फुलवलेला डिंक, मूठभर खसखस, आणि गूळ पाव किलो. बऱ्याच घरांत हा गूळ दुप्पट-तिप्पट असतो, आणि मग खारीक घातली कशाला हा प्रश्न उरतोच. गुळाचा पाक करायची गरज नाही, थोड्या तुपात तो नुसता विरघळवला की लाडू वळले जातात. तीस ग्रॅमच्या एका लाडवात दीडशेच्या आसपास कॅलरी भरतात. बाळंतिणीला भूक लागते, अंगावर पाजायचं असतं, तिला रोज एक-दोन लाडू योग्यच. तिच्या ताटातून उरलेले तीन लाडू सोफ्यावर बसून संपवणाऱ्या तिच्या सासऱ्यांना मात्र ते लागू नाहीत.

दूध-खारीक करायची तर रात्री दोन-तीन खारका धुऊन भिजत घाला, सकाळी बी काढा, थोड्या दुधात बारीक वाटा आणि उरलेल्या दुधात पाच मिनिटं उकळा. भिजवलेलं पाणी फेकू नका, तेही त्यातच घाला. वेलदोडा चालेल, साखर नाही. पहिले दोन-तीन दिवस पोरं तोंड वाकडं करतात, मग तीच चव जिभेवर बसते.

आता बाळाची गोष्ट, आणि इथे आजीशी वाद घालावा लागणार आहे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपले बालरोगतज्ज्ञही सांगतात. त्यात घुटीत उगाळलेली खारीकही आली. सहाण, पाणी आणि बोट यांतलं काही अस्वच्छ असलं की बाळाला हगवण लागते, आणि त्या वयात हगवण ही साधी गोष्ट नसते. सहा महिन्यांनंतर भिजवून, उकडून, साल काढून केलेला खारकेचा मऊ लगदा चमचाभर सुरू करायला हरकत नाही. नाचणीच्या सत्त्वात किंवा भाताच्या पेजेत तो साखरेचं काम करतो. दात येताना बाळाच्या हातात अख्खी खारीक चोखायला देण्याची पद्धत मात्र सोडाच. ती मऊ झाली की तुकडा सुटतो आणि बाळाच्या घशात अडकू शकतो. चार वर्षांखालच्या मुलांना खजूर द्यायचा तोही बी काढून, बारीक चिरून, आणि बसवून.

खजुराकडे वळू. वाशीमच्या पाटणी चौकातल्या दुकानांत आता इतक्या नावांचे डबे असतात की गिऱ्हाईक गोंधळून जातं. नावाने भुलण्यापेक्षा ओलावा ओळखा. इराणहून येणारा काळा, रसाळ खजूर, जो आपल्याकडे किमिया नावाने खपतो, तो मऊ आणि ओलसर असतो. दुकानात तो बाहेर उन्हात मांडलेला असेल तर घेऊ नका, आणि घरी आणल्यावर फ्रिजमध्येच ठेवा. झाहिदीसारखे कोरडे, पिवळसर खजूर बाहेर जास्त टिकतात आणि सहसा स्वस्त असतात. मेडजूल मोठा असतो, त्याच्या एका फळातच 65 कॅलरी असतात, म्हणजे तो एक खाल्ला की साध्या लहान खजुरांचे तीन खाल्ल्यासारखं. अजवा महाग आहे, त्याला धार्मिक मान आहे. श्रद्धेने घ्यायचा तर जरूर घ्या, पण पोषणासाठी पाकीट रिकामं करायचं काही कारण नाही.

बी काढलेल्या खजुराचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. पुष्कळदा त्यात ग्लुकोज सिरप घातलेलं असतं, म्हणजे गोडाला पुन्हा गोड चोपडलेलं. फक्त खजूर असं लिहिलेलं पाकीट निवडा. सुटा, लगदा झालेला खजूर घेतलाच तर कोमट पाण्याने धुऊन, पुसून, लगेच संपवण्याइतकाच घ्या. खाताना प्रत्येक खजूर उघडून आत बघायची सवय लावा, दिवाणखान्यात पाहुणे असले तरी. आत काळी पूड, जाळी किंवा अळी असेल तर टाकून द्या. आंबूस, ताडीसारखा वास आला तर अख्खा डबाच टाका. वरून पांढरे कण दिसले तर घाबरू नका, बोटाने चोळा: खरखरीत लागले तर ती वर आलेली साखर आहे, कापसासारखं मऊ लागलं तर बुरशी.

किती खायचा? अंगमेहनत करणाऱ्याला लहान आकाराचे चार-पाच खजूर एका वेळी सहज पचतात. सोयाबीनच्या निंदणाला सकाळी सातला वावरात जाणाऱ्या बाईने पदराला मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे आणि तीन-चार खजूर बांधून घेतले, तर दहा वाजताच्या बिस्किटांपेक्षा ते कितीतरी चांगलं. नुसता खजूर खाण्यापेक्षा दाण्यांबरोबर खाल्ला की भूक उशिरा लागते. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याला दोन पुरेत, आणि त्या दिवशीच्या चहातली साखर तेवढी कमी करावी. दोन लहान खजूर म्हणजे साधारण दोन चमचे साखर, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. खाल्ल्यावर चूळ भरा, कारण खजूर दातांना चिकटून बसतो.

मधुमेह असणाऱ्यांना खजूर अजिबात वर्ज्य, असं सरसकट सांगतात. ते तितकंसं खरं नाही. संयुक्त अरब अमिरातीत 2011 मध्ये झालेल्या एका अभ्यासात मधुमेह असणाऱ्यांत पाच जातींच्या खजुरांचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते त्याचं माप, 44 ते 53 च्या दरम्यान निघाला, म्हणजे पांढऱ्या ब्रेडपेक्षा पुष्कळच कमी. पण निर्देशांक कमी म्हणजे साखर कमी असा अर्थ काढू नका. एक-दोन लहान खजूर, दाण्यांबरोबर, जेवणानंतरच्या गोडाऐवजी, आणि दोन तासांनी साखर मोजून. मोजायचं यंत्र घरी नसेल तर हा प्रयोग करू नका. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांनी, पोटॅशियममुळे खजूर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये. त्यांच्याबाबत एवढ्यासाठी काय विचारायचं असं म्हणून चालत नाही.

दिवस भरत आले की खजूर खाल्ल्याने बाळंतपण सुकर होतं असंही ऐकू येतं. याला थोडा आधार आहे. जॉर्डनमध्ये काही गरोदर बायकांना शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर देऊन पाहिले होते, आणि 2011 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. खजूर खाणाऱ्यांपैकी कमी जणींना कळा आणण्यासाठी औषध द्यावं लागलं. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्याचा कायदा करू नये. पण नवव्या महिन्यात साखर नीट असलेल्या बाईला खजूर खावासा वाटला, तर नाही म्हणायचं कारण नाही. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर हा सल्ला तिच्यासाठी नाही.

रमजानमध्ये खजूर कसा खायचा हे मंगरूळपीर किंवा कारंज्यातल्या रोजेदारांना कुणी शिकवायची गरज नाही. दिवसभराच्या उपासानंतर पाणी आणि एक-दोन-तीन खजूर, मग थोडं थांबून नमाज, आणि त्यानंतर जेवण. ही रीत शरीराला मानवणारीच आहे. रिकाम्या पोटाला आधी थोडी साखर आणि पाणी मिळतं, आणि मधल्या वेळेत भुकेचा जोर ओसरतो. घोटाळा होतो तो पुढे, खजुरानंतर लगेच सरबत, भजी आणि मिठाई एकदम आली की. आषाढी एकादशीला किंवा महाशिवरात्रीला साबुदाणा आणि वेफर्सवर दिवस काढणाऱ्यांनी उपास सोडण्याची ही पद्धत उसनी घेण्यासारखी आहे. उपासाला खजूर चालतोच. चार खजूर, मूठभर भाजलेले दाणे आणि ताक, एवढ्यावर दुपार निभते.

जून-जुलैत हातगाडीवर पिवळ्याधमक, कधी लाल, टणक फळांचे घड दिसतात. ही ओली खारीक, बहुतेक कच्छची. कच्छच्या या खारकेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पावसाच्या आधी तिथले शेतकरी फळ कडकच उतरवतात. खाताना ती कुरकुरीत लागते, पण काही जातींत घसा धरणारा तुरटपणा असतो. गाडीवर एक चाखूनच घ्या. तुरट निघालीच तर फेकू नका. धुऊन, पुसून, पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी बाहेर काढा. बर्फ उतरला की फळ तपकिरी आणि मऊ पडतं, आणि तुरटपणा बराचसा निघून जातो.

आणि हे सगळं बाहेरून येणारं बाजूला ठेवलं, तर आपल्या नाल्याकाठची शिंदी उरते. खजुराची ही रानटी बहीण अस्सल इथली. तिच्या पानांचा फडा घरोघरी असतो, लक्ष्मीपूजनाला त्याची पूजा होते, पण तिचं फळ आता गुराख्यांच्या आणि शाळेतल्या पोरांच्या पलीकडे कुणी खात नाही. उन्हाळ्याच्या शेवटाला आणि पावसाच्या तोंडावर ही फळं पिकतात. गर पातळ, बी मोठी, त्यामुळे खाण्यापेक्षा चोखण्याचंच फळ. पिवळं-नारिंगी असताना तोडलं तर तोंड आकसतं. लालसर-तपकिरी होऊन मऊ पडलेलंच घ्यावं. देठाजवळचे काटे लांब आणि टोकदार असतात, म्हणून मुलांना झाडावर चढू देऊ नका. खाली पडलेली ताजी फळं वेचणं पुरे, आणि ती धुऊनच खायची. वटवाघळाने किंवा पाखराने अर्धवट कुरतडलेलं फळ कितीही गोड दिसलं तरी खाऊ नका. बांगलादेशात निपाह विषाणूची लागण झाली ती वटवाघळांनी दूषित केलेल्या शिंदीच्या कच्च्या रसातून, हे त्यासाठी लक्षात असू द्या. घड ओरबाडून रिकामाही करू नका. कोल्हे आणि उदमांजरं याच फळांवर येतात, आणि नवी शिंदी त्यांच्याच विष्ठेतून उगवते.

हे वाचून बांधावर खजूर लावायचा विचार कुणाच्या मनात येईल म्हणून तेही सांगतो. खाल्लेल्या खजुराची बी टाकून झाड येतं, फळाचा भरवसा नाही. खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत कोणतं काय हे कळत नाही. शिवाय फळ पिकायच्या सुमाराला आपल्याकडे पाऊस सुरू झालेला असतो, म्हणजे सिंधमधलीच अडचण. म्हणून मऊ, पिकलेल्या खजुराची आशा सोडा आणि बरहीसारखी जात निवडा, जी पिवळी आणि कडक असतानाच गोड लागते. ऊतीसंवर्धित मादी रोप घ्या. ते महाग असतं, म्हणून आधी दोन-तीनच लावून बघा. फुलोरा आला की नर झाडाचा पराग हाताने मादी फुलोऱ्यावर झटकावा लागतो, तेव्हा तो कुठून मिळणार हे रोप विकणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारून घ्या.